गोदूआयचा म्हातारा

रियाचा मेसेज आला तेव्हा मी कांडपाच्या गिरणीत नाकाला ओढणी बांधून उभी होते. मशीनमध्ये आमची मिरची पडत होती, सगळे शिंकत होते, आणि फोनवर लिहिलं होतं: 'आई, रविवारी आम्ही दोघं येतोय. तुम्ही म्हणाला होतात ना, सातव्यात ये, ओटी भरते म्हणून. लागलाय सातवा. आबांना सांगा, त्यांच्यासाठी एक गंमत आणतेय.'

मी तो दोनदा वाचला आणि ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. गिरणीवाली मनिषाताई म्हणाली, "काय गो, डोल्यात गेली का?" मी हो म्हटलं. मिरचीच्या धंद्यात एक बरं असतं, डोळे पुसायला कारण शोधावं लागत नाही.

ही आई म्हणजे मी. कीर्ती, वय बत्तीस.

'गोदूआयचा मसाला' हे आमचं पेज. वर गोल चित्रात माझ्या सासूबाई आहेत, कुणाच्या तरी लग्नातल्या जुन्या फोटोतल्या. हातभर हिरव्या बांगड्या, नाकात नथ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. खाली रोज गोदूआय बोलते. 'लेकींनो, आज सुका बोंबील भाजला, सगल्या गावाला कललं. मसाला संपला आसंल तर सांगा.' लोक हसतात, लाल बदामाची चित्रं पाठवतात, मसाला मागवतात. हे सगळं मी लिहिते. सासूबाईंना लिहिता-वाचता येत नाही. घरातला फोन वाजला की तो उचलून ज्याचा असेल त्याच्या हातात देणं, एवढाच त्यांचा मोबाइलशी संबंध.

मी मूळची इथली नव्हे. म्हणजे तशी इथलीच, नवीन पनवेलच्या सेक्टरात वाढले. पण घरात बोलणं सगळं पुस्तकी. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून हे गाव दिसायचं, तरी हितेशशी लग्न होईपर्यंत मी इथे पाऊल टाकलं नव्हतं. लग्न करून आगऱ्यांच्या घरात आले आणि बोली शिकायला लागले. अजून घरात मी 'नाय' म्हटलं की हितेशला हसू येतं. पेजवर मात्र लोक लिहितात, 'असली आगरी बोली ऐकायची तर गोदूआयकडूनच.' माझी परीक्षा अशी बाहेरगावच्या लोकांनी घेऊन मला पासही करून टाकलं.

खऱ्या गोदूबाई बोलत नाहीत. रागावल्या आहेत म्हणून नाही, स्वभावच तसा. भात शिजला, पाणी आलं, दार लाव, इतकंच. मला त्यांनी कधी लेक म्हटलं नाही, नावानेही हाक मारली नाही, 'ए' म्हणतात. माझ्या लेकीच्या, प्रांजलच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा त्यांनी एक ताट मासळीचं पुढं सरकवलं आणि म्हणाल्या, "खा." झालं कौतुक. पेजवरची गोदूआय तशी नाही. ती चिडवते, लाड करते, कुणाची परीक्षा असली की नवस बोलते. खोटं कशाला बोलू, मला हवी होती तशी सासू मी तिथे लिहून काढली.

आणि सासरेही. पेज सुरू केलं तेव्हा आबा होते. बळीराम नाव, पण सगळं गाव त्यांना आबा म्हणूनच हाक मारायचं. ते खाडीवर जाळं टाकायला, खेकडे म्हणजे चिंबोऱ्या धरायला जायचे, दारातूनच ओरडायचे, "गोदू, पातेलं ठेव." म्हातारा-म्हातारीची ती कुरबूर मी लिहायला लागले आणि पेज धावायला लागलं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आबा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्या मोसमात घरात मिरची भाजली नाही, मसाला कुटला नाही, पेज बंद ठेवलं. पुन्हा उघडलं त्या दिवशी पहिलाच प्रश्न आला: 'गोदूआय, होतात कुठे? म्हाताऱ्याने काय आणलं आज?'

तेव्हाच लिहायला हवं होतं. मी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शब्द इतके जड वाटत होते, आणि खाली मसाल्याचा फोटो लावायचा होता. शेवटी लिहिलं, 'चिंबोऱ्या आनल्यान. आनि काय आननार!' लगेच बदामांचा पाऊस. दुसऱ्या दिवशीपासून आबा पुन्हा पहाटे खाडीवर जायला लागले. मला वाटलं, कुणाचं काय जातंय?

रिया नाशिकची. ती कॉलेजात असतानाच तिची आई गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं. आधी तिने अर्धा किलो मसाला मागवला, मग कालवणाची कृती विचारली, मग रोज काही ना काही लिहायला लागली. नवऱ्याशी भांडण झालं, आई. आज पोळ्या चांगल्या झाल्या, आई. मला दिवस गेलेत, आई, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय. मी डॉक्टरांच्या साइटवरून माहिती काढायची, तिच्यात चार 'हाय' आणि सहा 'नाय' घालायची आणि पाठवून द्यायची. एका संध्याकाळी तिने लिहिलं, 'मैत्रिणींची डोहाळजेवणं चाललीत. माझी ओटी भरायला माहेरचं कोणीच नाही.' मी कांदा चिरत होते. हात पुसून लिहिलं, 'मी काय मेले का? सातव्यात ये. मी भरन तुजी ओटी.'

हे लिहिताना एक गोष्ट माझ्या डोक्यातून साफ गेली. विधवा बाई ओटी भरत नाही. चूक की बरोबर, ते सोडा. आमच्या घरात नाही भरत. गावात कुणाची हळद असली की सासूबाई आपणहून दाराशी उभ्या राहतात, कुणी हात धरून आत नेलं तरी मागच्या मागे निघून येतात. पेजवरच्या गोदूआयचं कुंकू रोज बघून बघून मी घरातल्या गोदूबाईंचं कपाळ विसरले होते.

गिरणीतून येताना रिक्षात मी रियाला लिहिलं, 'लेकी, माजी तब्येत बरी नाय. बालंतपन झाल्यावर ये.' तिचं उत्तर हातोहात आलं: 'काय झालं? मग तर येणारच. शैलेश पण म्हणतोय, आईंना बघून येऊ.' मसाल्याचा गरम डबा मांडीवर होता आणि मला थंडी वाजत होती.

हितेश उरणच्या बाजूला कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. तो जेवायला बसला तेव्हा त्याला सांगितलं. आधी तो हसला. मग आबांचं ऐकलं आणि घास हातातच राहिला.

"तू आबांना अजून जिवंत ठेवलंस?"

"तू वाचत नाहीस का पेज?"

"मना वाटलं जुनंच परत टाकतेस." तो उठून हात धुवायला गेला आणि तिथूनच म्हणाला, "तुझं तू निस्तर. आयला मधे घेऊ नको. ती बोलत नाय म्हणून तिला काय वाटत नाय असं नाय."

ते मला ठाऊक होतं. आबा गेले तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, गोदू रडली नाय, दगड हाय. पण रोज सकाळी आंघोळ झाली की त्या भिंतीवरच्या आबांच्या फोटोसमोर क्षणभर थांबतात. नमस्कार नाही, फूल नाही. नुसत्या थांबतात आणि चुलीकडे जातात.

शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई ओट्यावर मिरच्यांची देठं काढत होत्या, तेव्हा मी शेजारी बसले. मीही एक मूठ मिरच्या घेतल्या.

"आई, रविवारी पाहुणे येणारेत. मसाला घेणारी मुलगी आहे नाशिकची. तिला आई नाही. पोटुशी आहे. ओटी भरायची म्हणते."

"मंग भर."

"तिला तुमच्या हातून हवीय."

त्यांची बोटं थांबली नाहीत. "मी कनाला? तू हायेस ना."

 पुढचं सगळं, आबांचं, चिंबोऱ्यांचं, दोन वर्षांचं, जिभेवर होतं. ते तिथेच राहिलं. मी उठले आणि मिरचीचेच हात डोळ्यांना लावले. मग मोरीत जाऊन किती वेळ पाणी मारत बसले.

शनिवारी पनवेलच्या बाजारात ओटीचं सामान आणायला गेले. खण, नारळ, हिरव्या बांगड्या, हळकुंडं. दुकानदाराने विचारलं, आणखी काही? आणि मी टिकल्यांचं एक पाकीट घेतलं, मोठ्या लाल गोल टिकल्यांचं. मी स्वतः बारीक टिकली लावते. ते पाकीट कशासाठी घेतलं हे मला कळत होतं आणि स्वतःची किळसही येत होती, तरी घेतलं. आरशाच्या फळीवर ठेवून दिलं. संध्याकाळी सासूबाईंनी फळी पुसली, पाकीट उचललं, पाहिलं, परत जागेवर ठेवलं. विचारलं नाही काही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी, त्या आंघोळीला गेल्या तेव्हा, मी स्टुलावर चढून आबांचा फोटो काढला. चंदनाच्या हारासकट. मनात एवढंच चाललं होतं की ही वेळ निघून जाऊ दे, नंतर बघू. फोटो साडीत गुंडाळून कपाटात ठेवला. भिंतीवर खिळा राहिला आणि खिळ्याखाली चौकोनी, बाकीच्या भिंतीहून उजळ जागा. तिथे कॅलेंडर लावलं तर ते लहान पडलं. तेवढ्यात सासूबाई केस पुसत आल्या आणि रोजच्या जागी थांबल्या.

मी स्टूल बाजूला सरकवलं. त्यांनी त्या चौकोनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग चुलीकडे गेल्या आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायला बसल्या. 

हितेश ड्यूटीवर होता, प्रांजल शेजारी खेळायला गेली होती. रिया आणि तिचा नवरा शैलेश दुपारच्या आत आले. रिया फोटोपेक्षा लहान दिसत होती, हिरव्या साडीत, पोट सांभाळत, चेहरा दमलेला आणि आनंदाने फुललेला. आल्या आल्या तिने सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि मिठी मारली. सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. मिठी कुठे धरतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. रियाला वाटलं त्या संकोचल्या.

"आई, किती दिवसांनी. म्हणजे पहिल्यांदाच, पण मला तसं वाटतच नाही," ती म्हणाली, आणि मागे सरून त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिची नजर कपाळावर गेली, हातांवर गेली, परत कपाळावर आली. मी घाईघाईने पाणी पुढे केलं.

"बसा ना, उन्हातून आलात. गाडी कुठे लावलीत?"

शैलेशने गाडीचं सांगितलं. रिया बसली, पण पाण्याचा ग्लास तिच्या हातातच होता. मग स्वतःशीच काहीतरी झटकून टाकल्यासारखी हसली आणि पिशवीतून एक लोकरीची कानटोपी काढली. निळी, कडेला पांढरी पट्टी.

"ही आबांची गंमत. मी स्वतः विणलीय. आई, तुम्ही लिहिलं होतं ना, म्हातारा पहाटे खाडीवर जातो नि कान गार करून येतो. इथे एवढी थंडी नसते म्हणा, पण मला काय दुसरं येत नाही. कुठायत आबा?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"खाडीवर गेलेत," मी म्हटलं. माझा आवाज अगदी सहज निघाला, दोन वर्षांची सवय होती. "भरती लागली की येतील."

सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. फोटो लपवायला घरात दुसरी जागा नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. त्या आबांचा फोटो घेऊन बाहेर आल्या. साडीचा बोळा त्यांनी काढून टाकला होता, हार थोडा वाकडा झाला होता. स्टूल ओढलं. शैलेश मदतीला उठला तर त्याला हातानेच थांबवलं, स्वतः चढल्या, कॅलेंडर काढलं आणि फोटो खिळ्याला लावला. हार सारखा केला. खाली उतरून आपल्या जागेवर येऊन बसल्या.

 मग रिया रडायला लागली. आवाज न करता, कानटोपी छातीशी धरून.

"कधी? आई, कधी झालं हे? मंगळवारी तर तुम्ही लिहिलं होतं, म्हाताऱ्याने चिंबोऱ्या आणल्या, पातेल्यावरून भांडलो म्हणून. मला तुम्ही सांगितलंही नाही. आणि मी इथे ओटी ओटी करत आले."

एक परकी मुलगी आपल्या नवऱ्यासाठी रडताना सासूबाई बघत होत्या. त्यांचा हात हलला, तिच्या पाठीपर्यंत गेला, आणि तिथे ठेवावा की नाही हे न कळल्यासारखा मधेच थांबला.

"दोन वरसं झाली, पोरी," त्या म्हणाल्या.

"दोन..." रियाने डोळे पुसले. "पण मग तुम्ही मला..."

"मना लिवता येत नाय."

एवढंच बोलल्या. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे बोट केलं नाही. त्याची गरज नव्हती. शैलेश आणि रिया दोघंही माझ्याकडे वळले.

"म्हणजे ते सगळं तुम्ही?" रिया म्हणाली. "वहिनी, तुम्ही?"

"हो."

"मी आईबद्दल लिहिलं होतं. शेवटच्या दिवशी तिच्याजवळ नव्हते ते. ते शैलेशलाही नीट सांगितलं नव्हतं मी. ते तुम्ही वाचत होतात?"

"हो. आणि उत्तरं मनापासून दिली, रिया. खोटं नव्हतं त्यात..."

"तुम्हाला मी हे कधीच सांगितलं नसतं," ती म्हणाली. चिडून नव्हे, नुसतं सांगितल्यासारखं. ते मला जास्त लागलं. "तुम्ही माझ्याएवढ्याच आहात."

ती उठली. शैलेशने गाडीची किल्ली हातात घेतली, माझ्याकडे न बघता म्हणाला, "चल, रस्त्यात कुठेतरी जेवू." मी माफी मागत होते, पण कुणाची मागत होते तेही मला समजत नव्हतं. दाराशी पोचतात तोच सासूबाई आडव्या आल्या.

"बस."

"नको आई. म्हणजे... नको आता."

"पोटुशी बाय आमच्या घरातून रिकामी जात नाय."

रिया थांबली. तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं होतं. "मग तुम्ही भरा. मी तुमच्यासाठी आले. मला कपाळाचं वगैरे काही वाटत नाही."

सासूबाईंनी मान हलवली. मी इतक्या वर्षांत त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. "तुना वाटत नसंल, मना वाटतं. आनि मी बोलावलं नाय तुना. मना तर तुजं नाव पन माईत नव्हतं. हिनं बोलावलं. खोट्या तोंडानं का आसंना, हिनंच बोलावलं. ही भरल." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन सूप."

मी सूप आणलं. घाईत थोडे तांदूळ वाटेतच सांडले. रिया पाटावर बसली, कारण सासूबाईंनी तिला खांद्याला धरून बसवलं. मी तिला हळदकुंकू लावलं. तिने डोळे मिटून घेतले. ते श्रद्धेने नव्हे, माझ्याकडे बघायचं नव्हतं म्हणून. खण ठेवला, नारळ ठेवला, बांगड्या ठेवल्या, ओंजळी ओंजळीने तांदूळ घातले. गोदूआयच्या तोंडून मी तिला किती वेळा 'लेकी' म्हटलं होतं. आता माझ्या तोंडून साधं 'सुखरूप सुटका होऊ दे' एवढंही निघेना. शेवटी ते दाराशी उभ्या राहिलेल्या सासूबाई म्हणाल्या, हळू आवाजात, आणि रियाने डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

जेवण झालं. भाकरी, कोलंबीचं कालवण, भात. सासूबाईंनी रियाच्या पानात न विचारता दुसऱ्यांदा वाढलं आणि म्हणाल्या, "खा." रिया खाली मान घालून जेवली. निघताना तिने कानटोपी सासूबाईंच्या हातात दिली. माझ्याशी ती एक शब्द बोलली नाही. शैलेश तेवढा 'येतो' म्हणाला, सवयीने. गाडी वळेपर्यंत मी ओट्यावर उभी होते. संध्याकाळी पेज उघडून पाहिलं तर रिया आम्हाला सोडून गेली होती.

हितेश आल्यावर त्याने माझा चेहरा पाहिला, भिंतीवरचा फोटो पाहिला आणि मुकाट्याने प्रांजलला घेऊन बाहेर गेला. मी दिवाबत्ती केली. सासूबाई ओट्यावर उरलेल्या मिरच्यांची देठं काढत होत्या. मी फोन घेऊन त्यांच्यासमोर बसले.

"आई, मी लिहिलंय सगळ्यांसाठी. टाकू का ते सांगा." आणि वाचून दाखवलं. "'आबा दोन वर्षांपूर्वी गेले. गोदूआयना लिहिता येत नाही. इथे रोज लिहिते ती मी, त्यांची सून कीर्ती. मसाला त्यांच्या हातचा आहे, बोलणं माझं होतं. तुम्हाला फसवलं, माफ करा.'"

त्यांनी एक देठ काढलं, टाकलं. "टाक."

"लोक मसाला घ्यायचे बंद होतील."

"व्हऊ दे." मग आणखी एक देठ काढून म्हणाल्या, "भिंतीवरनं फोटो परत काडू नको."

"नाही काढणार."

मी बटण दाबलं. लगेच फोन थरथरायला लागला, एकामागून एक. पहिली ओळ दिसली: 'शी, किती घाणेरडं.' पुढचं वाचायची माझी हिंमत झाली नाही. फोन जमिनीवर पालथा घातला, तरी तो फरशीवर गुरगुरतच होता. एवढी माणसं मला आई म्हणत होती, आणि आता त्यातला प्रत्येक जण मला नावाने ओळखणार होता. मला खरंच भीती वाटत होती. हात मांडीखाली दाबून बसले.

"ती बोलली ते काय व्हतं?" सासूबाई म्हणाल्या.

"कोणतं?"

"चिंबोऱ्यांचं."

मला वाटलं आता बोलणी बसणार. फोन उचलला, वरचं सगळं सारून मंगळवारचं शोधलं. त्यांची बोली त्यांच्याच समोर, माझ्या पुस्तकी तोंडाने वाचताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "'आज म्हाताऱ्यानं मोठाल्या चिंबोऱ्या आनल्यान. दारातून हाक मारतोय, गोदू, पातेलं ठेव. मी बोलले, तूच ठेव, मना काय चार हात हायेत?'"

सासूबाईंच्या हातात मिरची तशीच होती. "मी आसं बोलले?"

"हो."

"बरी बोलले." त्यांनी मिरचीचं देठ खुडलं. "मंग?"

"मग काय?"

"मंग तो काय बोलला?"

"पुढे काही नाही, आई. पुढे मसाला कसा मागवायचा ते आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तशा त्या कुणाकडे बघत नाहीत. मांडीवर ती निळी कानटोपी होती, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. मिरचीचा हात लागू नये म्हणून पदराखाली ठेवली होती. 

"मग ते म्हणाले," मी सावकाश म्हटलं, "ठेवतो मीच. तू रांधलंस की मीठ कमी पडतं."

"मीठ?" सासूबाईंची मान झटकन वर झाली. "जलमभर मुकाट खाल्लंन, ताट चाटून पुसून खाल्लंन, आनि आता मीठ कमी?" त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. उघड्या दारातून आत भिंतीकडे बघत होत्या आणि डोळ्यांतलं पाणी गालावर आलेलं त्यांना कळलंही नव्हतं. "मंग उद्यापासून तुजं तूच रांध. मी नाय ठेवायची पातेलं."

फोन फरशीवर वाजत होता. सासूबाईंनी मनगटाने गाल पुसला, कानटोपी पदराबाहेर काढून हातात घेतली आणि माझ्याकडे वळल्या.

"मंग, कीर्ती?" त्या म्हणाल्या. "काय बोलला तो?"